लादीवाला वाल्देमिर

सौदीतल्या ताइफच्या जुन्या बाजारामागे आमचं टायपिंगचं दुकान होतं. इकामा, म्हणजे तिथे राहायचा-कामाचा परवाना, काढायचा, वाढवायचा, बायकोला व्हिजिटवर आणायचं, सगळे फॉर्म अरबीत भरून घ्यायला लोक माझ्याकडे यायचे. मी बदरुद्दीन, गाव नाटे, तालुका राजापूर. शाळा सातवीपर्यंत, पण अरबी टायपिंगमध्ये भलेभले माझ्यापुढे पाणी भरायचे. बढाई नाही मारत, विचारा कोणालाही. बावीस वर्षांत माझ्या हातचा एक फॉर्म परत आला नाही. आणि तरीही एका माणसाचं मी पुरतं वाटोळं करत आणलं होतं, तेही एक अक्षर न चुकता. त्याचीच ही गोष्ट.

त्याचं नाव वाल्देमिर. ब्राझीलचा. धंदा फुटबॉल. आता तुमच्या डोळ्यांसमोर टीव्हीवरचे ते हिऱ्याच्या कुड्या घातलेले खेळाडू आले असतील, तर ते आधी पुसून टाका. हा पोटापाण्याचा खेळाडू. जिथे वर्षाचा करार मिळेल तिथे बॅग उचलून जायचं, करार संपला की पुढचा मुलूख. समुद्रकाठच्या एका गावात जन्मला. बाप लाद्या बसवायचा. नवव्या वर्षापासून बापाच्या हाताखाली घमेली उचलली आणि एकोणिसाव्या वर्षी थापी टाकून बूट घातले ते घातले. आधी तिकडचेच चार लहान क्लब. मग बांगलादेश एक हंगाम, गोवा दोन, मस्कत तीन, बहरीन एक. आमच्या ताइफला आला तेव्हा चौतीस वर्षांचा होता आणि केस पुढून विरळ झाले होते. पण डावा पाय? अल्लाशप्पथ सांगतो, असा डावा पाय मी पाहिला नाही. ताइफ डोंगरावर, हवा विरळ, इथे चेंडू लांब जातो. बाकीच्यांचे चेंडू गोलवरून थेट रस्त्यावर जायचे. यानं पहिल्या दिवशी तीन फ्री किक वाया घालवल्या, चौथ्याला हवा ओळखली आणि चेंडू जाळ्यात टाकला. 'बस, आता कळलं,' एवढंच म्हणाला.

हे म्हणाला ते गोव्याच्या कोंकणीत. गोव्यातल्या दोन हंगामांत तो मोडकीतोडकी कोंकणी आणि बाजारू हिंदी शिकला होता, त्यामुळे अख्ख्या ताइफमध्ये त्याला बोलायला मीच सापडलो. चावी, पगार, बटाटा, पाव हे शब्द तर त्याच्या पोर्तुगीजमध्ये आणि माझ्या मराठीत सारखेच निघाले. माझी बायको नूरुन्निसा त्याला पहिल्यांदा जेवायला बोलावताना कुरकुरली होती. 'अहो, ब्राझीलचा माणूस, त्याला काय घालू? बर्गर?' मी म्हटलं, घरात आहे ते घाल. तिनं चवळीची आमटी, भात आणि नारळाच्या दुधातली सुरमई केली. त्या गड्यानं तीन वेळा भात घेतला. त्याच्या आईच्या हातचं हेच म्हणे, फक्त मिरची कमी. त्यानंतर दर शुक्रवारी तो आमच्याकडे, आणि नूरुन्निसा मला विसरून आधी त्याच्या ताटात मासा घालायची.

त्याला ताइफला आणला अबू मुतइबनं. लाद्या आणि सॅनिटरी सामानाचा मोठा व्यापारी, बांधकामाची ठेकेदारी, आणि नाद फुटबॉलचा. मोठ्या लीगमधला क्लब नव्हे हो. मोहल्ल्या-मोहल्ल्यांच्या टीम असतात इकडे, त्यांचे कप चालतात, संध्याकाळी पाच-पाचशे माणूस जमतं. शेजारच्या मोहल्ल्यानं मोरोक्कोचा खेळाडू आणला म्हणून याला ब्राझीलचा हवा होता. पण मोहल्ल्याच्या टीमला परदेशी खेळाडूचा व्हिसा कोण देणार? अबू मुतइब माझ्या टेबलापुढे येऊन बसला. 'बदर, माझ्याकडे कुठले व्हिसे रिकामे आहेत?' मी बघितलं. दोन रंगारी, तीन लादी बसवणारे. 'लादीत टाका,' मी म्हटलं आणि दोन मिनिटांत टाइप केलं. पेशा: लादी बसवणारा.

आमच्या धंद्याची रीतच ती. माणूस काय काम करतो हे विचारायचं नाही. व्हिसा कुठला रिकामा आहे ते बघायचं आणि माणूस त्यात बसवायचा. आमच्या राजापूरचा एक बी.कॉम. झालेला पोरगा कागदावर मेंढपाळ होता. शेळी त्याला फक्त ताटात ठाऊक! वाल्देमिरलाही हे नवं नव्हतं. बांगलादेशात तो टुरिस्ट होता, मस्कतला स्टोअरकीपर, बहरीनला ड्रायव्हर. गाडी त्याला आजतागायत येत नाही. गोव्यात तेवढा कागद बरोबर होता म्हणतात, पण तो क्लब पुढे बंद पडला, ऑफिसला कुलूप लागलं आणि याच्याकडे एक चिटोरं उरलं नाही. मैदानावर सगळीकडे त्याला टोपणनावानं ओळखत, ते नाव पासपोर्टवर नाही. म्हणजे सतरा वर्षं खेळलेल्या माणसाकडे तो खेळला असं म्हणणारा कागद नाही. तेव्हा मला यात काही वावगं दिसलं नाही. मी म्हणायचो, गोल मारताना काय इकामा दाखवायचा असतो?

मग दोन हजार तेरा आलं. सौदीकरणाचं वारं तर आधीपासूनच होतं, त्या वर्षी वावटळ झाली. फर्ममध्ये सौदी किती आणि बाहेरचे किती, त्यावरून फर्मला रंग दिले: लाल, पिवळा, हिरवा. अबू मुतइबची फर्म पिवळी, म्हणजे धोक्याच्या काठावर. आणि हुकूम निघाला की इकाम्यावर जो पेशा आहे तेच काम करायचं, नाहीतर खलास. आधी काही महिन्यांची मुदत दिली. तेवढ्यात पेशा दुरुस्त करा, किंवा दंड न भरता देश सोडा. काय सांगू तुम्हाला, दुकानासमोर फजरच्या, पहाटेच्या नमाजापासून रांग! मेंढपाळ अकाउंटंट झाला, रंगारी वेल्डर झाला. मी पाठ मोडेपर्यंत टाइप करत होतो आणि खरं सांगायचं तर मजेत होतो. माझ्यावाचून कोणाचं पान हलत नव्हतं.

त्या रांगेत एक दिवस वाल्देमिर उभा. मी ओरडलो, 'अरे वाल्दू, तू कशाला रांगेत? आत ये.' तो आत आला आणि खिशातून बहिणीची चिठ्ठी काढली. त्याच्या गावची नगरपालिका पोरांसाठी फुटबॉलची शाळा काढत होती. शिकवायला एक माणूस हवा होता, कायमच्या नोकरीवर. अट एकच: परदेशात खेळाडू म्हणून काम केल्याचा कुठल्यातरी सरकारचा शिक्का असलेला कागद. 'बदरू,' तो म्हणाला, 'माझा गुडघा फार तर आणखी एक वर्ष चालेल. कागद नसेल तर मी गावी जाऊन लाद्या बसवणार. बाप मला हेच सांगून मेला, की तू शेवटी लादीवरच येणार. माझा पेशा बदलून दे. खेळाडू लिही.'

आता ऐका माझा शहाणपणा. मी म्हटलं, 'वाल्दू, डोकं ठिकाणावर आहे ना? लाद्यांच्या फर्मला खेळाडू कसा मिळेल? खेळाडू लिहायला गेलो तर आहे तो इकामाही जाईल. लादी बसवणारा हा सोन्यासारखा पेशा आहे. सौदी माणूस लाद्या बसवायला येणार नाही, तुला कोणी हात लावणार नाही. कागदावर काय लिहिलंय ते कोण बघतो?' तो तीनदा आला. तीनदा मी त्याला चहा पाजून परत पाठवला. तिसऱ्यांदा तर मी चिडलोच. 'पाचशे माणसं बाहेर उभी आहेत, त्यांचं पोट आहे, आणि तुला मेडल हवंय होय?' त्यानं ग्लास ठेवला आणि प्रॅक्टिसला गेला. नूरुन्निसानं मला त्या शुक्रवारी फाडून खाल्लं. 'माणूस काय मागतोय? स्वतःचं नाव मागतोय. तुम्हाला टायपायला काय होतं?' तिला काय कळतं, असं मी मनात म्हटलं. मोठ्यानं म्हणायची माझी छाती नाही.

मुदत संपायला नऊ दिवस उरले असताना लेबर ऑफिसची माणसं अबू मुतइबच्या गोडाऊनवर आली. हातात यादी. एकेक नाव वाचून माणूस पुढे बोलवत होती. लादी बसवणारा वाल्देमिर? गैरहजर. कुठे आहे? गोडाऊनच्या भिंतीपलीकडे मैदान, आणि तिथून शिट्टीचा आवाज. साहेब भिंतीवरून डोकावले. लादी बसवणारा हाफ पँट घालून चेंडूमागे पळत होता!

अबू मुतइबचा फोन आला तसा मी दुकान टाकून धावलो. लेबर ऑफिसात वाल्देमिर बाकावर बसला होता, पायांत बूट, गुडघ्याला पट्टी. भिंतीवरून डोकावलेले तेच साहेब, पन्नाशीचे, चष्मा लावलेले, मला नावानं ओळखणारे, अहवाल लिहीत होते. छापील फॉर्म. असले फॉर्म मी हजारदा पाहिलेत. इकडे एक रकाना: इकाम्यावरचा पेशा. त्याशेजारी दुसरा: प्रत्यक्ष आढळलेलं काम. पहिल्यात साहेबांनी लिहिलं, लादी बसवणारा. दुसऱ्यात लिहिलं, फुटबॉल खेळाडू. खाली सौदी सरकारचा शिक्का मारला. वाल्देमिरनं हळूच मला विचारलं, 'काय लिहिलं?' मी सांगितलं. त्यानं पुन्हा विचारलं, 'दुसरं काय? पुन्हा सांग.' मला वाटलं घाबरला. मी म्हटलं, 'घाबरू नको, बदरू मेला नाही अजून.'

आणि मी सुरू झालो. साहेबांना म्हटलं, साहेब, हा अस्सल कारागीर आहे, बापजाद्यांचा धंदा, ड्यूटी संपल्यावर जरा पाय मोकळे करत होता. साहेब हसले. 'हा? हा लाद्या बसवतो?' उठले आणि आम्हाला मागच्या अंगणात घेऊन गेले. तिथे वुजूची, नमाजाआधी हातपाय धुवायची जागा अर्धी बांधलेली. काम करणारा माणूस मुदतीत देश सोडून गेला होता. लाद्यांची थप्पी, सिमेंट, वाळू, हत्यारं, सगळं तसंच पडलेलं. 'बसव,' साहेब म्हणाले. 'बसवता आली तर अहवाल फाडतो. नाही आली तर तुझ्याकडेही बघून घेतो, बदर.'

वाल्देमिरनं बूट काढले, बाजूला नीट ठेवले आणि अनवाणी खाली बसला. आधी पाणसळ लावून जमीन बघितली. मान हलवली. आधीच्या माणसानं ढाळ उलटा दिला होता, पाणी भिंतीकडे गेलं असतं. यानं तीन लाद्या उखडल्या. साहेब म्हणाले, 'अरे, हा तोडतोय!' मी म्हटलं, 'बघा तर खरं.' घमेल्यात माल कालवला, सूत ताणलं आणि एकेक लादी ठेवून रबरी हातोडीनं अशी ठोकली की आवाजावरून त्याला खालची पोकळी कळत होती. दुखरा गुडघा बाजूला लांब करून, दुसऱ्यावर भार देऊन दोन तास त्यानं मान वर केली नाही. ऑफिसातले कारकून चहाचे ग्लास घेऊन बघायला उभे राहिले. अकरा लाद्या. शेवटी बालदीभर पाणी हलकेच ओतलं. पाणी सरळ जाळीकडे गेलं आणि लाद्या कोरड्या.

साहेबांनी 'माशाल्ला' म्हटलं आणि टाळी वाजवली. अहो, मी तर नाचायचा राहिलो होतो. मनात म्हटलं, बदरुद्दीन, तुझा फॉर्म आजही परत आला नाही. साहेब आत आले, अहवाल उचलला आणि फाडायला धरला.

वाल्देमिरनं त्या कागदावर हात ठेवला. सिमेंटचा हात, पंजा उमटला कागदावर. अरबीतले त्याला वीस-पंचवीस शब्द येत असतील. 'ला,' तो म्हणाला. नको. 'अना लाइब.' मी खेळाडू आहे.

मी ओरडलो. 'अरे गाढवा! सुटलास तू! दोन वर्षं राहशील, पगार घेशील, कशाला आपल्या पायावर धोंडा पाडून घेतोस?' तो माझ्याकडे वळला. त्याच्या त्या अर्ध्या कोंकणी, अर्ध्या हिंदीत जे म्हणाला ते मी विसरणार नाही. 'बदरू, मी सतरा वर्षं ज्या कागदासाठी फिरलो तो हा आहे. यात शिक्का आहे. सरकार म्हणतंय की मला खेळताना पाहिलं. हा फाडला तर मी लादीवाला. आज तर मी ते साबितसुद्धा करून दाखवलं.'

तीन वेळा हा माणूस माझ्यासमोर बसून हेच मागत होता आणि मी त्याला चहा पाजत होतो. मला माझी लाज वाटली, अगदी खरी लाज, कानापर्यंत गरम. साहेब माझ्याकडे बघत होते, काय भानगड आहे म्हणून. मी सगळं सांगितलं. बहिणीची चिठ्ठी, नगरपालिका, स्टोअरकीपर, ड्रायव्हर आणि माझं दोन मिनिटांचं टायपिंग. हेही सांगितलं की पेशा मी निवडला, यानं नाही.

साहेब चष्मा पुसत म्हणाले, 'याला सांग, यावर सही केली तर याला देश सोडावा लागेल. नऊ दिवस आहेत. मुदतीत गेला तर दंड नाही, तुरुंग नाही. पण या फर्मवर परत येता येणार नाही.' मी सांगितलं. वाल्देमिरनं पेन घेतलं आणि सही केली, पूर्ण नावाची, चार शब्दी, हळूहळू. मग मला म्हणाला, 'त्यांना विचार, याची झेरॉक्स मिळेल का?'

साहेबांनी झेरॉक्स दिली नाही. त्यांनी फॉर्म पुन्हा लिहिला, दोन प्रतींत, कारण पहिल्यावर पंजा होता. दुसऱ्या रकान्यात यावेळी 'फुटबॉल खेळाडू' एवढंच न लिहिता 'गेली दोन वर्षे' असंही लिहिलं. दोन्हींवर त्याची पुन्हा सही घेऊन शिक्का मारला आणि एक प्रत त्याच्या हातात दिली.

अबू मुतइब माझ्यावर आठवडाभर ओरडला. ओरडू दे. त्याला दंड झाला, कप शेजारच्या मोहल्ल्यानं नेला. मी त्या अहवालाचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं, त्यावर भाषांतरवाल्याचा शिक्का, वर आणखी एक शिक्का, जेवढे ताइफमध्ये मिळतात तेवढे शिक्के मारून आणले. एक पैसा घेतला नाही त्याच्याकडून. विमानाच्या आदल्या दुपारी नूरुन्निसानं त्याला नारळाच्या दुधातला मासा घातला आणि डोळ्यांना पदर लावला. मीसुद्धा रडलो, सांगायला काय लाजायचं.

दोन महिन्यांनी दुकानात फोन वाजला. ब्राझीलहून. मी म्हटलं, 'बोल वाल्दू, काय झालं नगरपालिकेचं?'

तो म्हणाला, तिथल्या कारकुनानं कागद तीनदा वाचला. मग चष्म्यावरून बघत विचारलं, 'हे पोलिसी काम दिसतंय. तुला त्या देशातून काढलं?'

'हो.'

'गुन्हा काय?'

'फुटबॉल.'

'वय किती?'

'छत्तीस.'

कारकून उठला, आतल्या खोलीत गेला आणि तिथल्या सगळ्यांना बाहेर घेऊन आला. त्यांच्यासमोर त्यानं तो कागद मोठ्यानं वाचला, आणि वाल्दूला म्हणाला, 'सोमवारी सकाळी सातला ये. पोरं लवकर येतात.'